बेचाळीस सजग घरं

'ओळख' या आरोग्य उपक्रमाचं खोकं आमच्या शाळेत आलं ते २०३८ सालच्या जुलैमध्ये. मी तेव्हा बोरसरच्या कन्याशाळेत विज्ञान शिकवायचे आणि नववीचा एकच वर्ग होता, तो माझ्याकडे. वर्गात बेचाळीस मुली.

खोक्यात दोन वस्तू होत्या. एक भिंतीवर चित्र पाडणारा मुठीएवढा प्रोजेक्टर, आणि दुसरी पाटीच्या आकाराची, कातडीच्या रंगाची एक मऊ गादी. तिला स्पर्शपट म्हणत. वरून ती साधीच दिसे, पण सिलिकॉनच्या थराखाली बाजरीच्या दाण्याएवढे हजारो कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक जेल. विजेचा अगदी बारीक दाब दिला की तेवढ्याच कप्प्यातलं जेल घट्ट होई, दाब काढला की पुन्हा मऊ. हजारो स्त्रियांच्या तपासण्यांमधून शरीराचा घट्टपणा मोजून तो या गादीत भरला होता. म्हणजे ती क्षणात निरोगी स्तनासारखी लागे, आणि क्षणात तिच्या पोटात हरभऱ्याएवढी, न हलणारी गाठ उभी राही. बोटं किती दाबली, कुठून कुठे फिरली, काय निसटलं, हे खालचे सेन्सर टिपत आणि भिंतीवरच्या व्हिडिओतल्या डॉक्टर बाई त्याप्रमाणे समजावून सांगत. मधल्या तीन बोटांची पेरं वापरायची. आधी हलका दाब, मग मध्यम, मग खोल. काखेपासून सुरुवात, वर गळ्याच्या हाडापर्यंत.

पंधराव्या वर्षी स्तनाचा कर्करोग जवळजवळ होतच नाही, हे व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. मुलींना घाबरवायचं नव्हतं. आपलं शरीर एरवी कसं असतं हे त्यांना माहीत व्हावं, म्हणजे पुढे कधी बदललं तर लगेच कळेल, एवढाच हेतू. आणि दुसरा हेतू याहून मोठा होता: प्रत्येक मुलीने घरातल्या एका मोठ्या बाईला हे शिकवायचं.

शिक्षिकेचं काम काय, तर व्हिडिओ लावायचा आणि वर्गात थांबायचं.

मी व्हिडिओ लावला. पहिल्या चार मिनिटांतच मुली एकमेकींच्या पाठीमागे लपू लागल्या. कुणी ओढणी तोंडावर घेतली, कुणी गादीला बोट लावून किंचाळली. मी "शांत बसा" म्हणत होते, पण माझे स्वतःचे कान तापले होते. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून मैथिली सुतार उभी राहिली. हुशार, धीट पोरगी. हसू दाबत, पण खरोखरच विचारायचं म्हणून तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही करता का हे?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. माझं वय पंचेचाळीस. मी विज्ञानाची पदवीधर. आणि मी हे कधीच केलं नव्हतं. अंघोळ करतानासुद्धा मी स्वतःकडे नीट पाहत नसे.

"अभ्यासाचं विचार," मी म्हणाले आणि प्रोजेक्टर बंद केला. "उरलेलं पुढच्या आठवड्यात बघू."

तो पुढचा आठवडा आलाच नाही. दोन पालकांचे फोन आले, "मुलींना काय दाखवताय?" म्हणून. ते मला बरंच वाटलं, कारण आता दोष त्यांच्यावर टाकता येत होता. पण मुख्याध्यापिका देशमाने मॅडमनी विचारलं, "सारिका, सोमवारपर्यंत सगळ्या मुली नोंदीत 'पूर्ण' दिसायला हव्यात. होईल ना?" मी होईल म्हणाले.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी प्रयोगशाळा उघडली, आतून कडी लावली आणि स्पर्शपटासमोर बसले.

शिकलेल्या मुलीची सहा मिनिटांची परीक्षा असे. गादी तीन गाठी वेगवेगळ्या जागी तयार करी, त्या शोधायच्या. गादी बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं, की मुलींच्या बोटांचे ठसे, फोटो, आवाज यातलं काहीही साठवायचं नाही. आपलं कुणी काही जपून ठेवतंय अशी शंकासुद्धा मुलींना येऊ नये. म्हणून शिक्षिकेने पडद्यावर नाव निवडायचं, मुलीने हात ठेवायचा आणि नावापुढे फक्त गुण आणि 'पूर्ण' हा शब्द जायचा. मुलींची लाज राखण्यासाठी ती जागा मोकळी सोडली होती. मी नेमकी तिथूनच आत शिरले.

पहिल्या नावाला मी तीनदा नापास झाले. दहाव्या नावापर्यंत हात बसला. तिसाव्या नावाला डोळे मिटून मुगाएवढी गाठ खोलवर सापडू लागली. मैथिलीचं नाव सदतिसावं होतं. चार वाजून गेल्यावर मी बाहेर आले तेव्हा बोटांची टोकं बधिर झाली होती. त्या शाळेत त्या दिवशी बेचाळीस मुलींचं शिक्षण एकट्या मी घेतलं होतं.

जिल्ह्यात आमची शाळा पहिली आली. शंभर टक्के पूर्ण, आणि सरासरी गुण सगळ्यांत जास्त. मला शाल-श्रीफळ मिळालं. मुलींना रंगीत प्रमाणपत्रं मिळाली. शाळेत कशाकशाची प्रमाणपत्रं मिळतच असतात, त्यामुळे एकीनेही विचारलं नाही की आम्ही नक्की काय पूर्ण केलं. मैथिलीने तिचं प्रमाणपत्र आईच्या दुकानात लावलं.

तिची आई कांचन शिवणकाम करायची. वडील मैथिलीच्या लहानपणीच गेलेले. बाजारपेठेच्या टोकाला कांचनचं छोटंसं दुकान होतं, आणि गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडे. माझेही, गेली बारा वर्षं. मापं घेता घेता ती बोलत असायची. ते प्रमाणपत्र दिसलं की मी दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे.

चौदा महिन्यांनी, दहावीत असताना, मैथिली सलग पाच दिवस शाळेत आली नाही. फोन लागेना. दुकानाला कुलूप. मी संध्याकाळी घरी गेले.

कांचन पलंगावर बसली होती. मला पाहून उठायला लागली, मी नको म्हणाले.

"मॅडम, मला गाठ निघालीय," तिने सरळच सांगितलं. "स्वतःचा ब्लाउज घालून आरशासमोर उभी होते, तर डाव्या बाजूचं कापड आत ओढल्यासारखं दिसलं. मला वाटलं, टक्स चुकला. उसवून पुन्हा शिवला. तरी तसंच. तिसऱ्यांदा शिवला, मॅडम. मग कळलं, कापड नाही ओढलं जात, कातडी ओढली जातीय."

तिने हातांनीच आकार दाखवला. लिंबाएवढा.

"सगळ्या गावाची मापं घेते मी," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या अंगाला हात लावायचं कधी सुचलं नाही."

मी तिच्या शेजारी बसले. मैथिली खिडकीशी उकिडवी बसली होती. ताटातली भाकरी तशीच.

"ही जेवतच नाही बघा," कांचन म्हणाली. "दवाखान्यात डॉक्टरनी कॉम्प्युटरवर आमचं घर काढलं. म्हणाले, हे तर सजग घर आहे, मुलगी शिकलेली आहे, गुणही चांगलेत. मग हिच्याकडे वळून विचारलं, बाळ, तू आईला दाखवलं नाहीस का? तेव्हापासून असं चाललंय."

मैथिलीने मान वर केली. "मॅडम, मी हसत होते त्या दिवशी. सगळ्यात जास्त मीच. मी तसला प्रश्न विचारला म्हणून तुम्ही रागावून बंद केलंत ना? पुढचं महत्त्वाचं त्यातच राहिलं. आणि तरी मला पास केलंत तुम्ही." तिने ताट बाजूला सारलं. "मी लक्ष दिलं असतं तर आईला लवकर कळलं असतं."

सांगायचं ते त्या क्षणी सांगायला हवं होतं. समोर पोर बसली होती, तिची आई बसली होती, आणि खरं काय ते फक्त मला माहीत होतं. मी म्हणाले, "वेडी आहेस का? तुझा काही दोष नाही यात." आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

मी तिला पास केलं, एवढ्यासाठी ती माझे उपकार मानत होती. मी चहा घेतला आणि घरी आले. आजवर केलेल्या सगळ्या गोष्टींत मला त्या चहाची सगळ्यात जास्त लाज वाटते.

'सजग घर' हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातल्या आरोग्य खात्याच्या आशाताईंना, म्हणजे निर्मलाताईंना, गाठलं.

"अहो, तुम्हाला माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "आम्ही सहा महिन्यांनी घरोघर जातो ना बायकांची तपासणी करायला, त्याची यादी आता वरून येते. ज्या घरातली मुलगी 'ओळख' पूर्ण झाली, ते सजग घर. तिथे जायचं नाही. तो वेळ दुसऱ्या घरांना द्यायचा. माणसं कमी आहेत, करणार काय? आणि चांगलं चाललंय की. सजग घरातल्या पोरी स्वतःच आयांना घेऊन येतात, गाठी अगदी लहान असताना." त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "फक्त तुमच्या शाळेच्या घरांतून कुणी येत नाही. मी म्हटलं, बरंच आहे, तुमच्याकडे कुणाला काही नसेल."

हा निर्णय घेणाऱ्यांची चूक नव्हती. आकड्यांवर विश्वास ठेवून त्यांनी तो घेतला होता. फक्त बोरसरचे आकडे माझ्या बोटांचे होते. म्हणजे मी बेचाळीस मुलींना शिकवलं नाही एवढंच नव्हे, बेचाळीस घरांच्या दारातून निर्मलाताईंनाही परत पाठवलं होतं. जुन्या पद्धतीने चाललं असतं, तर वर्षभरापूर्वी त्यांचा हात कांचनच्या गाठीला लागला असता. कदाचित. हा 'कदाचित' मला अजून सोडत नाही.

देशमाने मॅडमच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"मग नीट ऐक. तुझी नोकरी जाईल, शाळेचं नाव जाईल, आणि त्या बाईची गाठ काही लहान होणार नाही. मुलींना आपण आता शिकवू, गुपचूप. कपाटात आहेच ना ती गादी? आजपासून सुरू कर. वेळ गेली, पण काम तर होईल."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, फार पटलं. मी कपाटातून स्पर्शपट काढला, झटकला, चार्ज केला आणि मैथिलीचं नाव निवडलं. पडद्यावर अक्षरं आली: 'ही नोंद पूर्ण आहे. नवीन विद्यार्थिनी निवडा.' दुसरं नाव घेतलं. तेच. तिसरं. तेच. एकाच गादीवर नव्या मुलींना वेळ मिळावा म्हणून शिकलेल्या मुलींना ती पुन्हा घेत नसे. नोंद रद्द करण्याची एकच वाट होती: चुकीची नोंद कुणी केली आणि का, हे संबंधित शिक्षिकेने लिहून देणं.

खोटी नावं घालता आली असती. बेचाळीस खोट्या मुली. क्षणभर मी तोही विचार केला, आणि माझीच मला किळस आली.

मी तो अर्ज वर्गात बसून लिहिला, मुली मधल्या सुट्टीत गेल्या असताना. 'का' या रकान्यात आधी लिहिलं, पालकांचा विरोध. ते खोडलं. वेळेचा अभाव लिहिलं. तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'मला लाज वाटली.' ते तसंच पाठवलं.

मग कांचनच्या घरी गेले. तिचं केमोचं पहिलं औषध चढवून झालं होतं, चेहरा ओढलेला. या वेळी मी बसले नाही. उभ्यानेच बोलले.

"मैथिली, तुला शिकवलंच गेलं नाही. कुणालाच नाही. तू हसलीस म्हणून मी व्हिडिओ बंद केला नव्हता. तू बरोबर प्रश्न विचारला होतास आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर तुमच्या सगळ्यांची परीक्षा मी एकटीने दिली. तुझे गुण माझे आहेत. तुमच्या घरी आशाताई आल्या नाहीत, तेही माझ्यामुळे. तू यात कुठेच नाहीस."

मैथिलीने विचारलं, "त्या दिवशी हे का नाही सांगितलंत? मागच्या आठवड्यात? मी इथेच बसले होते."

"धीर झाला नाही."

"आठ दिवस मी..." ती उठून मागच्या खोलीत गेली.

कांचनने मला बसायला सांगितलं नाही. तिने पांघरूण अंगावर ओढलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही आता जा."

चौकशी झाली. मला निलंबित केलं. गावात व्हायची ती चर्चा झाली. काही बायकांनी रस्त्यात गाठून तोंडावर सुनावलं. काही जणी म्हणाल्या, तसले व्हिडिओ दाखवले नाहीत ते बरंच केलंत. त्यांच्या त्या कौतुकाने मान जास्त खाली गेली. बेचाळीस घरं पुन्हा निर्मलाताईंच्या यादीत आली. पहिल्याच फेरीत दोन बायकांना पुढच्या तपासणीला पाठवावं लागलं. एकीची गाठ साधी निघाली. दुसरीची साधी नव्हती, पण वाटाण्याएवढी होती, आणि डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

त्यानंतर शाळेत नवीन शिक्षिका आल्या आणि मुलींना शिकवू लागल्या. एक्केचाळीस मुली शिकल्या. मैथिली त्या वर्गाला बसायचीच नाही. तास सुरू झाला की ती दप्तर उचलून घरी जायची. हे मला निर्मलाताईंकडून कळत होतं.

फेब्रुवारीत, कांचनचं ऑपरेशन होऊन महिना झाला असेल, तिचा फोन आला.

"मॅडम, ती गादी घरी आणता येते का?"

"शाळेची परवानगी घेऊन निर्मलाताईंना आणता येईल," मी म्हणाले. "पाठवते त्यांना."

"त्यांना नाही. तुम्ही आणा." ती पुढे म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला अजून तुमचं नाव काढलं तरी चिडायला होतं. पण पोरगी म्हणते, ज्यांनी माझ्या नावावर परीक्षा दिली त्यांच्यासमोरच देईन. तिच्या मनातलं मला कळत नाही. पण ती म्हणते तर म्हणते."

निर्मलाताईंनी गादी आपल्या सहीवर काढली आणि मला दिली. रविवारी दुपारी मी गेले. डोक्याला सुती रुमाल बांधून कांचन मशीनपाशी बसली होती, काम करत नव्हती, नुसती बसली होती. मैथिलीने जमिनीवर चटई टाकली होती. मी समोरच्या भिंतीवर व्हिडिओ लावला आणि मागे सरकले.

तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. एकदाही हसली नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी इतकं गंभीर होऊन बघणारी पोर मला बघवेना. मग तिने हात गादीवर ठेवला.

पहिल्यांदा तिला एकच गाठ सापडली. डॉक्टर बाई म्हणाल्या, घाई होते आहे. दुसऱ्यांदा दोन. तिसऱ्यांदाही दोनच. तिची बोटं एका जागेवरून तीन वेळा गेली, आणि तिन्ही वेळा गाठ तिच्या बोटांखालून निसटली. तिची बोटं कुठे अडखळतात त्यावरून मला ती कुठे आहे ते कळत होतं. माझी बोटं आपोआप हलली, मांडीवरच. मैथिलीने ते पाहिलं.

"सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगत."

"हातसुद्धा लावू नका."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तिने डोळे मिटले. दाब हलका केला, मग थोडा वाढवला, मग खोल. काखेच्या बाजूला बोटं थांबली. थोडी मागे गेली, पुन्हा तिथेच आली. भिंतीवर हिरवी खूण उमटली आणि तिच्या नावापुढे 'पूर्ण' आलं. ती त्या शब्दाकडे बघत राहिली, पण मला वाटलं होतं तसं तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

ती उठली. "आई, आत ये," म्हणाली.

"आता कशाला गं?" कांचन म्हणाली. "काढून टाकलंय की सगळं."

"दुसरी बाजू आहे. आणि टाक्यांची जागा पण बघायची असते. त्यांनी सांगितलं व्हिडिओत."

कांचनने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिची मान शरमेने खाली गेली, माझ्यासमोर हे बोलणं निघालं म्हणून. मग ती मशीनचा आधार घेऊन उठली आणि पोरीच्या मागे आत गेली. मैथिलीने दार लावून घेतलं.

मी प्रोजेक्टर बंद केला, स्पर्शपट गुंडाळला. चपला घालत होते तेव्हा दारापलीकडून मैथिलीचा आवाज आला, वर्गात विचारायची तसाच धीट.

"हात डोक्यावर ठेव. असा नाही, असा. अगं लाजतेस काय? मीच आहे."